तेरा आकडे तोंडपाठ

उत्तरा मेश्राम मूळची नागपूरची. अमेरिकेत मॉरिसव्हिलजवळच्या एका लॅबमध्ये ती रक्ताचे नमुने तपासायची आणि शनिवारी निर्वासितांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेची गाडी चालवायची. नव्व्याण्णवच्या जुलैत त्या गाडीत कोसोव्होहून आलेल्या दोघी बसल्या. सत्तरीची झेनेपा आणि तिची लेक वालबोना. इंग्रजी फक्त लेकीला येई.

युद्धात घरातून हाकलल्यावर सीमेवरच्या सर्बियन पोलिसांनी दोघींची ओळखपत्रं काढून घेतली होती. आता लढाई थांबली होती आणि झेनेपाने परत जायचा ध्यास घेतला होता. तिकीट फुकट मिळणार होतं, पण एकदा गेलं की अमेरिकेतला निर्वासिताचा दर्जा संपणार होता.

"कागद नसताना घर तुझं कसं ठरणार?" उत्तराने वालबोनाकरवी विचारलं.

झेनेपाने तेरा आकडे धडाधड म्हणून दाखवले. तिचा ओळख क्रमांक! उत्तराने तो अर्जात लिहून तिकडच्या कचेरीला पाठवला. सहा आठवड्यांनी उत्तर आलं: नोंदवह्या इथे नाहीत, माघार घेणाऱ्या फौजेने नेल्या; मूळ कागद आणावा.

जातीच्या दाखल्यासाठी वडिलांनी कचेरीचे उंबरठे झिजवलेले उत्तराने लहानपणी पाहिले होते. तिने तीन ठिकाणी फोन केले, पत्रं लिहिली.

"अगं, तू इथून काय करणार?" नवरा अनिल म्हणाला.

"काहीच नाही. पण गप्प कशी बसू?"

ऑक्टोबरात झेनेपा एकटीच गेली. वालबोनाला जायची हिंमत झाली नाही. एअरपोर्टवर म्हातारीने उत्तराचे दोन्ही गाल धरले, काहीतरी बोलली. वालबोना रडत होती, त्यामुळे त्याचा अर्थ उत्तराला कळलाच नाही.

डिसेंबरात वालबोनाचा फोन आला. झेनेपा नदीच्या अलीकडे, भाचीकडे राहत होती. घर पलीकडे, सर्बांच्या ताब्यातल्या भागात होतं, तिथून दिसायचं. त्यात दुसरंच कुटुंब राहत होतं. त्यांचं स्वतःचं घर कुणीतरी जाळलं होतं. कचेरीत गेली, तर एकच प्रश्न: कागद?

"तिला परत इकडे आणता येईल का?" वालबोनाने विचारलं.

उत्तराने संस्थेत विचारलं. ती स्वतःहून गेली, म्हणाले, आता आमच्या हातात काही नाही.

हे वालबोनाला सांगायला उत्तरा तिच्या अपार्टमेंटपाशी गेली. बराच वेळ गाडीतच बसून राहिली. मग वर गेली आणि सांगितलं. वालबोनाने मान हलवली, चहा ठेवला. दोघी तो प्यायल्या.