साडेनऊला तीन मिनिटं कमी

विनी चार्लटन माझी शेजारीण. वय एक्क्याऐंशी, खुब्याचं ऑपरेशन झालेलं, आणि जिभेला तर पहिल्यापासून हाडच नाही.

उन्हाळ्यात तिच्या लेकीनं, ॲलिसननं, तिला न विचारता वृद्धाश्रमात तिचं नाव घातलं. नोव्हेंबरात आईला तिकडं हलवायचं आणि घर विकायचं. विनीनं माझ्यादेखत तिला सुनावलं, "ऑक्टोबरात मी एकटी बसनं न्यूकॅसलला जाईन आणि बाजारातून पाव घेऊन संध्याकाळी परत येईन. जमलं तर घराचं नाव काढायचं नाही. नाही जमलं तर गुमान येते तुझ्या वृद्धाश्रमात." ॲलिसन हसून हो म्हणाली. त्या हसण्याचा मला असा संताप आला म्हणून सांगू!

मग दोन महिने आम्हाला दुसरं कामच नव्हतं. सकाळी चर्चच्या चढापर्यंत चालायचं, दुपारी चहा ढोसत बसचं वेळापत्रक चाळायचं. बस कुठं बदलायची, बाजारात संडास कुठं, सगळं लिहून काढलं. न्यूकॅसलच्या पोरी थंडीत उघड्या दंडांनी हिंडतात, मग मीच का गोधडीत जाऊ, म्हणून तिनं लाल कोट बाहेर काढला. एवढं करून एक गोष्ट दोघी विसरलो. म्हाताऱ्यांचा फुकट पास कामाच्या दिवशी साडेनऊनंतरच चालतो. आम्ही ठरवला मंगळवार, आणि बस नऊ सत्तावीसची. पुढची थेट दीड वाजता.

मी तिला थांब्यापर्यंत सोडायला गेले होते. ड्रायव्हर ओशाळून म्हणाला, की तिकीट काढा, आजी. पैसे होते की पर्समध्ये. पण विनी कसली ऐकते! साठ वर्षं कर भरलाय, एक पेनी देणार नाही, म्हणाली. एक पाय पायरीवर ठेवून ती पर्समध्ये पास शोधत राहिली. पास हातातच होता. दार लावता येईना, बस हलेना. आतली म्हातारी मंडळी खिदळायला लागली.

तेवढ्यात मागून ॲलिसनची गाडी आली. "आई, पुरे झाला तमाशा. चल, मी सोडते."

विनीनं वळूनही पाहिलं नाही. साडेनऊ झाले, तशी ती दांडा धरून चढली आणि पास लावला. मग वळली.

"तीन मिनिटं कुठल्या पायावर उभी होते, पाहिलंस ना? ऑपरेशनच्या. वृद्धाश्रमातली ती खोली सोडू नकोस, तुझ्या नावावर करून घे. गुडघे तुझे दुखतात."

संध्याकाळी सहाच्या बसनं विनी परत आली आणि बाजारातला पाव ॲलिसनच्या दारात ठेवून मगच घरी गेली.