ह्यात वरचा थर कोणता?

"हात धुतले ना गं? पाहुण्यांना मासोळीचा वास नको यायला."

विभागप्रमुख सर सगळ्यांसमोर बोलले आणि चहाचा ट्रे माझ्या हातात दिला. काही हसले. काहींनी खाली पाहिलं. मी बोदलकसाच्या ढिवराची पोरगी. बाप तलावात जाळं टाकतो, माय तिरोड्याच्या बाजारात मासोळ्या विकते. गोंदियाच्या ह्याच कॉलेजात मी शिकले आणि इथंच तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवत होते. पुढच्या वर्षी मला घ्यायचं की नाही, ते सरांच्या हातात.

त्या दिवशी चर्चासत्र होतं, बाहेरून एक शास्त्रज्ञ पाहुणे आले होते. तिथं मांडायचं होतं ते संशोधन माझं होतं. नागपूरच्या प्रयोगशाळेत खेपा घालून केलेलं. सकाळीच सर म्हणाले, "मांडणी मी करतो. तू पाहुण्यांचं बघ. तुझ्या तोंडात अजून गावठी येतं."

मी ट्रे घेतला.

काम असं होतं. दोन जातीच्या रेणूसाखळ्या. तेल-पाण्यासारख्या, एकमेकींत न मिसळणाऱ्या. पण त्यांची टोकं एकमेकींना कायमची जोडलेली, दोघी मिळून एकच रेणू. तेल वेगळं होऊन तरंगतं, ह्यांना वेगळं होता येत नाही. मग त्यांचा पातळ पापुद्रा करून उबेत ठेवला की रेणू हळूहळू सरकतात, वळतात, आणि त्यांचे थर बनतात. एक हिचा, एक तिचा, पुन्हा हिचा. कोणी लावून देत नाही. सूक्ष्मदर्शकात ते पट्टे पहिल्यांदा दिसले तेव्हा मी खुर्चीवरून उठून उभी राहिले होते.

तोच फोटो सरांनी पडद्यावर लावला.

"बघा, काय सुंदर थर! कोणी कोणात मिसळत नाही. ज्याची त्याची जागा ठरलेली. निसर्गाची व्यवस्थाच ही आहे. आपले पूर्वज काही वेडे नव्हते."

हशा. टाळ्या.

पाहुण्यांपुढे कप ठेवताना चहा बशीत सांडला. "संभालके, बेटा," पाहुणे म्हणाले. माझ्याच कामातून मला माझी जागा दाखवली जात होती. मागच्या बाकांवर देवरीकडची आदिवासी पोरंपोरी बसली होती. माझे विद्यार्थी. ते वहीत लिहून घेत होते. हेसुद्धा.

ट्रे टेबलावर ठेवला.

"सर, हे चूक आहे."

"नंतर बोल."

"आत्ताच बोलते. काम माझं आहे."

पडद्यापर्यंत गेले. फोटोवर बोट ठेवलं.

"ह्यात वरचा थर कोणता, दाखवा."

"अगं, ते उदाहरण म्हणून..."

"फोटो उलटा करा. काही फरक पडते का? एकाच रेणूचं अर्धं अंग ह्या थरात, अर्धं त्या थरात. सगळ्याच रेणूंचं. नुसत्या एका थराचा रेणू ह्यात एकही नाही. अन् जागा ठरलेली नाही. ते सरकूनच राहतात. थराच्या कडेनं लवकर जातात. पलीकडं जायले वेळ लागते, कारण अर्धं अंग परक्या थरातून ओढत न्यावं लागते. पण जातात. मी मोजलं आहे."

गावठीच आलं तोंडात. येऊ दिलं.

"बस खाली," सर म्हणाले.

"नाही बसत."

टाळी एकही वाजली नाही. पाहुण्यांनी तेवढं विचारलं, "किस तापमान पे?" मी तापमान सांगितलं. मग पुढचं सगळं काम सांगितलं, शेवटपर्यंत, उभ्यानं.

पुढच्या वर्षी कॉलेजनं मला घेतलं नाही. माय म्हणाली, "काऊन बोललीस वं? चूप राहली असती त नोकरी राहली असती."

"नोकरी राहली असती, माय. पण त्या पोट्ट्यायनं तेच खरं मानलं असतं."

माय टोपली उचलून बाजाराला निघाली. रागातच होती.

काही दिवसांनी सरांचा निरोप आला. शोधनिबंधावर त्यांचं नाव आधी टाकलं तर अजूनही नोकरीचा विचार करता येईल. मी कळवलं, नाही. निबंध माझ्या एकटीच्या नावानं पाठवला. छापतील किंवा परत करतील.

सध्या तिरोड्यात शिकवण्या घेते. भीती गेलेली नाही. पण रेणूंच्या नावानं कोणी माणसांची उतरंड रचायला लागला, तर मी उठणार. सभा कोणाचीही असो. बोलावलेलं नसलं तरी उठणार, आणि माझ्याच बोलीत बोलणार.