मीठ दोनदा पडलेला काला

माझ्या घरमालकीणबाईंइतकी कट्टर हिंदू बाई मी पुण्यात पाहिली नाही, मुंबईत पाहिली नाही आणि आमच्या अख्ख्या नात्यागोत्यात तर नाहीच नाही. आणि या बाई जर्मनीतल्या एका खाटकाच्या घरात जन्मल्या होत्या. हे मी चारचौघांत सांगितलं की लोक हसतात. हसू देत. मुळात मी चारचौघांत फारशी बोलत नाही, बोललेच तर अर्धं वाक्य इंग्रजीत जातं, आणि कोणी हसलं की उरलेलं अर्धं पोटातच राहतं. म्हणून हे लिहून काढते आहे. लिहिताना कोणी मध्ये हसत नाही.

पीएचडीसाठी सिंगापूरला आले तेव्हा बुकित बातोकमधल्या एका फ्लॅटमध्ये खोली भाड्याने आहे, अशी जाहिरात पाहिली. ‘कांदा नाही, लसूण नाही, अंडं नाही. रविवारी सकाळी मृदंग वाजेल, तक्रार चालणार नाही.’ मला वाटलं, कोणी तमिळ आजी असतील. दार उघडलं ते निळ्या डोळ्यांच्या, जवळजवळ सहा फूट उंचीच्या, सत्तरीतल्या एका गोऱ्या बाईंनी. अंगावर सुती साडी, कपाळापासून नाकाच्या टोकापर्यंत गंध. “आज तिथी कोणती?” हा त्यांचा पहिला प्रश्न. इंग्रजीतच, आमचं सगळं बोलणं इंग्रजीत व्हायचं. मी हळूच फोनकडे हात नेला. “फोनमध्ये बघायचं नाही,” त्या म्हणाल्या. मग मी कबूल केलं की माहीत नाही. “एकादशी. म्हणजे आज तुला भात मिळणार नाही. सामान आत आण, माताजी.” मी चोवीस वर्षांची होते आणि मला आजवर कोणी माताजी म्हटलं नव्हतं. पुढे कळलं, त्यांच्या पंथात बायका सगळ्या माताजी आणि पुरुष सगळे प्रभुजी. लिफ्ट दुरुस्त करायला येणारा चिनी माणूस प्रभुजी, शेजारची तीनचाकी सायकल चालवणारी चार वर्षांची मुलगीही माताजी. मी त्यांना इथल्या रिवाजाप्रमाणे आंटी म्हणायचे. त्यांना ते फारसं आवडत नसे, पण भाडेकरूकडून मोक्षाची अपेक्षा त्यांनी पहिल्याच दिवशी सोडून दिली होती.

त्या कृष्णाकडे कशा वळल्या, ही गोष्ट त्या कोणालाही, कुठेही, न विचारता सांगत. तरुणपणी बाजारपेठेत काही मुंडण केलेली जर्मन मुलं झांजा वाजवत नाचत होती, येणाऱ्याजाणाऱ्याला हलवा वाटत होती. लोक त्यांना हसत होते. “मी गाण्यासाठी थांबले नाही, हलव्यासाठी थांबले,” आंटी सांगत. तो हलवा खाऊन त्या घरी गेल्या आणि वडिलांच्या दुकानात सॉसेज कापायला नकार दिला. वडील म्हणाले, “एक तर हे दुकान, नाही तर तो तुझा निळा देव.” आंटींनी त्याच संध्याकाळी पिशवी भरली. पुढे देवळांतून देवळांत फिरताना त्यांना सिंगापूरचे एक तमिळ टेक्निशियन भेटले. त्यांच्याशी लग्न झालं, हा फ्लॅट झाला, ते वारले, आणि उरले आंटी आणि कृष्ण.

या कृष्णाचा थाट काय वर्णावा! वीतभर पितळी मूर्ती, पण घरातला एकमेव एसी त्यांच्या खोलीत. आंटी स्वतः हॉलमध्ये घाम पुसत बसत. दुपारी देव झोपले की मला टायपिंगसुद्धा हळू करावं लागे. माझा प्रबंध लांबला, त्याला थोडासा कृष्णही जबाबदार आहे. एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, त्या जपमाळेच्या पिशवीत हात घालून पुटपुटत बसत. एकदा स्टेशनवर सुरक्षारक्षकाने पिशवीत काय आहे ते दाखवा म्हटलं, तर आंटींनी त्यालाच विचारलं, “हात धुतलेत का?” तो बिचारा खरंच हात धुऊन आला. आमच्या इमारतीखालच्या मोकळ्या जागेत चिनी म्हातारे पट मांडून बसायचे. आंटी रोज त्यांना लाडू वाटायच्या. एखाद्या दिवशी रिकाम्या हाताने दिसल्या की ते ओरडत, “आंटी, टुडे नो स्वीट आह?” “एकादशी, प्रभुजी!” “आय्या, अगेन एकादशी!” त्या म्हाताऱ्यांना तिथी तोंडपाठ झाल्या होत्या. मला अजून होत नाहीत.

पण आंटींचं खरं राज्य स्वयंपाकघरात. तिथे दोन नियम होते. नैवेद्याचं काही करताना बोलायचं नाही, आणि देवाला दाखवण्याआधी चाखायचं नाही. वाससुद्धा मुद्दाम घ्यायचा नाही. एकदा पुण्याहून आईचा व्हिडिओ कॉल चालू असताना आईने सवयीने आमटीचा थेंब तळहातावर घेऊन चाखला. आंटी माझ्या मागून जात होत्या. “माताजी,” त्या फोनमध्ये वाकून म्हणाल्या, “आता ते देवाचं उष्टं नाही, देवाला तुमचं उष्टं आहे.” मी भाषांतर केलं. आई फोन बाजूला घेऊन मला म्हणाली, “अगं, ही घरमालकीण आहे की सासू?” पण त्यानंतर आई आमटी चाखताना कॅमेऱ्याकडे पाठ करू लागली.

गेल्या गोकुळाष्टमीची गोष्ट. माझ्या मामेभावाची बायको, म्हणजे वहिनी, बुकित तिमाहला एका कॉन्डोत, म्हणजे खासगी सोसायटीत राहते. अष्टमीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तिथली मराठी कुटुंबं खालच्या हॉलमध्ये जमून गोपाळकाला करतात. वहिनीने फोन केला, “तुझ्या त्या आंटी एवढं करतात, तर यंदाचा काला त्याच करतील का गं?” मी विचारलं, आणि आंटी खुर्चीत बसल्या. इतक्या वर्षांत त्यांनी देवळांत भांडी घासली होती, फुलं ओवली होती. भारतीय लोक त्यांच्याबरोबर फोटो काढून घेत, ‘साडी किती छान नेसता’ म्हणत. पण आमच्या घरचा नैवेद्य तुम्ही करा, असं त्यांना कोणी म्हटलं नव्हतं. आईला फोन करून, माझ्या भाषांतरातून, त्यांनी कृती आणि आरती वहीत उतरवली, अक्षरांखाली ठिपके दिलेल्या रोमन लिपीत. मीही आरत्या रोमन लिपीतच वाचते, त्यामुळे त्या वहीला हसायचा अधिकार मला नव्हता.

सकाळी आम्ही दोघी मुकाट्याने कामाला लागलो. पोहे, लाह्या, काकडी, आलं, मिरची, खोबरं, लिंबाचं लोणचं, दही. आंटी देवांचे कपडे बदलायला गेल्या, तेव्हा मला वाटलं मीठ राहिलंय; मी घातलं. त्या परत आल्या, त्यांना वाटलं मीठ राहिलंय, त्यांनीही घातलं. मी डोळे मोठे करून हात हलवले. त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. चाखायचं नाही, बोलायचं नाही. डबा बंद झाला.

हॉलमध्ये शिरलो तेव्हा पाळणा सजला होता. वहिनी डबा घ्यायला पुढे आली, एवढ्यात एक काका उठले. तिथले सगळ्यांत ज्येष्ठ. पूजा तेच सांगत. “हे यांनी केलंय?” ते मराठीत म्हणाले. “आमच्याकडे बाहेरच्यांच्या हातचा नैवेद्य चालत नाही. बाजूला ठेवा. आपण साखरखोबरं दाखवू.”

“काका, अहो, मीच सांगितलं होतं त्यांना,” वहिनी म्हणाली.

“खायला माझी ना नाही. कौतुकच आहे. पण देवापुढे नको.”

आंटींना मराठी येत नाही. पण डबा बाजूला ठेवा हे कुठल्याही भाषेत कळतं. डबा दोन्ही हातांत तसाच धरून त्या काकांना इंग्रजीत म्हणाल्या, “प्रभुजी, तुम्ही खाऊ नका. पण त्याला का उपाशी ठेवता?”

कोणी हसलं नाही. काकांनी नजर वळवली आणि वहिनीला साखर आणायला सांगितलं. माझाच वाटू नये अशा आवाजात मी बोलले, “काका, गवळ्यांच्या पोरांनी आपापल्या शिदोऱ्या एकत्र कालवल्या, तो काला ना? कृष्णाने कुणाचा डबा बाजूला ठेवला होता?” चारचौघांत पूर्ण मराठीत आणि शेवटपर्यंत पोचलेलं ते माझं पहिलं वाक्य. एका कोपऱ्यातून एक काकू म्हणाल्या, “बरोबर बोलतेय पोरगी.” वहिनीने कोणाला न विचारता डबा आंटींच्या हातातून घेतला, वर तुळशीचं पान ठेवलं आणि पाळण्यापुढे ठेवून दिला. काका आरतीला उभे राहिले. गायलेही. आंटी वहीतून, मी फोनमधून.

मग काला वाटला गेला. तो काला खाण्याजोगा नव्हता. तो समुद्र होता. एक मुलगा म्हणाला, “सो सॉल्टी, लाह!” मी काकांकडे बघत माझी वाटी संपवली, घास घास करून, पाणी प्यायले नाही. काकांनी चमचा चाटला आणि डोळे मिटले. “चाखून नाही का बघायचं?” ते म्हणाले. मी म्हटलं, “नैवेद्य चाखतात का, काका?”

काकांनी वाटी खाली ठेवली. आंटींनी मात्र शांतपणे विचारलं, “दही कोणाकडे आहे?” वर राहणारे सगळे लिफ्टकडे धावले. कोणी दही आणलं, कोणी पोहे, कोणी काकडी, कोणी डाळिंबाचे दाणे. “आता यात जे पडेल ते प्रसादच,” आंटी म्हणाल्या आणि कोपरापर्यंत हात घालून कालवत राहिल्या. सर्वांत शेवटी काका दह्याचा डबा घेऊन आले. त्यांनी भांड्याला हात लावला नाही, लांबूनच ओतलं. पण ओतलं. आणि दुसऱ्यांदा घेतलं, हे मी पाहिलं आहे. ते नाही म्हणतील, तरी मी पाहिलं आहे.

यंदा आंटी इथे नाहीत. नोव्हेनाच्या इस्पितळात दोन्ही गुडघ्यांची तपासणी झाली, डॉक्टर म्हणाले आता कायम कोणीतरी हाताशी हवं, आणि जर्मनीतली धाकटी बहीण येऊन त्यांना घेऊन गेली. कृष्ण हँडबॅगेतून गेले, खिडकीजवळच्या सीटवर. आता त्या एका वृद्धाश्रमात आहेत, जिथे सुपातही कांदा असतो. फोनवर त्यांचा आवाज बारीक झालाय, पण तिथल्या आचाऱ्याशी भांडण जोरात चालू आहे. “त्याला मी प्रभुजी म्हणते,” त्या म्हणाल्या, “अजून हाक मारली की वळून बघत नाही. बघेल.”

अष्टमीच्या दुसऱ्या दिवशी मी माझ्या नव्या खोलीत वाटीभर काला केला. बोलायला कोणी नव्हतं, तरी बोलले नाही. चाखला नाही. देवाला दाखवला आणि मग खाल्ला. मीठ अगदी बरोबर पडलं होतं. एकदाच.

मी उठले आणि वरून आणखी चिमूटभर घातलं.