राळेचं मलम

धाकटा भाऊ झोपेतच गेला. त्यानंतर त्याची पिकअप घराखाली तशीच उभी होती. त्याच्या नावाने पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, मंडप उतरला, भाड्याच्या खुर्च्या टेम्पोत चढल्या, आणि मग पहिल्यांदा कुणीतरी ती गाडी सुरू केली. ती त्याची बायको होती. आमच्या घरात तिला सगळे धाकटी म्हणतात, मीही तसंच लिहितो.

किल्ली फिरवल्याबरोबर बोनेटखालून आवाज आला. ओल्या काचेवर बोट दाबून ओढावं तसा, पण न थांबणारा. समोरच्या इमारतीतल्या दोन खिडक्या उघडल्या. आई आतून बाहेर आली आणि दारातच थांबली.

"हा आवाज पहिल्यापासून हाय," ती म्हणाली.

"नाही हो आई, कधीच नव्हता," धाकटी म्हणाली.

दोघींनी माझ्याकडे पाहिलं. मी त्याच घरात, वरच्या मजल्यावर राहतो. रोज सकाळी ती गाडी माझ्या खिडकीखालून निघायची. तो असताना ती आवाज करत होती की नव्हती, हे मला आठवेना. खूप प्रयत्न केला. त्याचं खोकणं आठवलं, दार आपटणं आठवलं, पण गाडीचा आवाज आठवला नाही. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करतो. कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात आहे ते मला झोपेतही सांगता येईल. पण सख्ख्या भावाच्या गाडीविषयी मला एवढंही सांगता आलं नाही.

त्या आवाजावर बरंच काही अवलंबून होतं. भिवंडीजवळच्या पूर्णा गावातल्या एका मोठ्या गोदामातून भावाची रोजची फेरी होती. साबण, पावडर, बिस्किटं भरायची आणि पडघ्याच्या बाजारात नि पुढच्या गावांतल्या दुकानांत पोचवायची. घर त्या फेरीवर चालत होतं. तो गेल्यावर धाकटीने ठरवलं की फेरी आपण मारायची. गाडी तिला येत होती. भावानेच हौसेने शिकवली होती, लायसनही काढून दिलं होतं. गोदामाच्या सुपरवायझरने महिनाअखेरपर्यंत फेरी तिच्यासाठी राखून ठेवली, हा त्याचा चांगुलपणाच.

मामा मात्र कार्यक्रमाच्या दिवशीच बोलून गेले होते. ते पडघ्याच्या पलीकडच्या गावात राहतात.

"गाडी इकून टाका. बाईमानूस पिकअप चालवनार हाय का? लोक हसतील."

"हसू द्या, मामा," धाकटी चहाचे कप गोळा करता करता म्हणाली. "हसून झालं की माल उतरवायला पण बोलवीन त्यांना."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

पहिल्या दिवशी मी तिच्याबरोबर गेलो. गोदामाच्या गेटवर गाड्यांची रांग होती. पहारेकरी प्रत्येक गाडीचे दिवे, हॉर्न, टायर बघून आत सोडत होता. आमची गाडी रांगेत शिरताच पुढचे मागचे ड्रायव्हर वळून बघायला लागले.

"वहिनी, गाडीचा गळा बसलाय का? गरम पाणी पाजा!" एक जण ओरडला.

"तुझ्या हॉर्नपेक्षा बरी गाते," धाकटीने काच खाली करून सांगितलं. हशा पिकला. ती हसली नाही. 

सुपरवायझर बाहेर आला. "ताई, आज जाऊ देतो. पण आत तपासणीवाले येतात. असा आवाज करणारी गाडी मी माल भरायला डॉकला लावली तर मलाच बाहेर काढतील. महिना संपेपर्यंत एवढं बघा. नाहीतर फेरी दुसऱ्याला जाईल, माझ्या हातात काही नाही."

त्यानंतर आमचं गॅरेज फिरणं सुरू झालं. दुपारी ग्रंथालयातून लवकर निघायचं, धाकटी पडघ्याहून परत आली की तिच्याबरोबर अंजूरफाट्याच्या गॅरेजांकडे जायचं. पहिल्या मेकॅनिकने बोनेट उचललं, कान लावला आणि म्हणाला, "फॅनचा पट्टा गेला. नवीन टाका." नवीन टाकला. गाडी इतकी शांत झाली की घरी येईपर्यंत आम्ही दोघं काही बोललो नाही, आवाज परत येईल या भीतीने. दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ली फिरवली आणि तो आला.

पुन्हा त्याच्याकडे गेलो. "आता ढिला झालाय, नवीन पट्टा ताणतोच," म्हणत त्याने पट्टा आवळला. आवाज बदलला, गेला नाही. दुसऱ्या गॅरेजवाल्याने पहिल्याला शिव्या घातल्या. "एवढा टाइट करतात का? डायनॅमोचं बेअरिंग खाऊन टाकेल!" त्याने पट्टा सैल केला, बेअरिंग मात्र बदललं. पुन्हा एक शांत संध्याकाळ. पुन्हा सकाळी तोच आवाज. असं झालं की मी तोंड धुता धुता थांबायचो. खालून धाकटी एकदा किल्ली बंद करायची, थोडा वेळ काहीच ऐकू यायचं नाही, आणि मग ती पुन्हा सुरू करायची.

ग्रंथालयात आयटीआयच्या मुलांसाठी ठेवलेलं मोटारदुरुस्तीचं एक पुस्तक आहे. ते मी घरी आणलं. त्यात लिहिलं होतं की चालत्या पट्ट्यावर थोडं पाणी मारावं. आवाज क्षणभर थांबला तर पट्टा ज्यांवरून फिरतो त्या पुल्या एका ओळीत नाहीत असं समजावं, वाढला तर पट्टा घसरतोय असं समजावं. रविवारी मी गुलाबाला पाणी मारायची बाटली घेऊन खाली उतरलो. पाणी मारलं. आवाज आधी थांबला, मग वाढला.

"काय निघालं, भाऊजी?" धाकटीने विचारलं.

"दोन्ही," मी म्हणालो.

ती माझ्याकडे बघून एकदम हसली. भाऊ गेल्यापासून ती पहिल्यांदा हसत होती. मग तिने तोंडावर पदर धरला आणि आत गेली. मी तिथेच बाटली घेऊन उभा राहिलो. मागोमाग जावं की नाही ते कळेना.

आवाज रात्रीतून परत येतो, ही गोष्ट आमच्या दोघांच्याही लक्षात यायला उशीर लागला. संध्याकाळी गाडी नीट असते. मग रात्री उभ्या गाडीला काय होतं? धाकटीला वाटलं, खाडीकडची दमट हवा. मला वाटलं, उंदीर. एका पहाटे उजाडताना मी खिडकीत बसून राहिलो.

रात्रपाळी संपून लोक गल्लीतून परतत होते. त्यांच्यात आमच्या शेजारचे चाचा होते. चाचा उत्तर प्रदेशातून तरुणपणी भिवंडीला आले आणि मागच्या गल्लीतल्या कापड विणणाऱ्या लूमच्या कारखान्यात जॉबर आहेत. लूम बिघडला की तो ठीक करणारा तो जॉबर. भाऊ पिकअप घेण्याआधी त्याच कारखान्यात त्यांच्या हाताखाली होता. चाचा गाडीपाशी थांबले. समोरच्या जाळीतून हात घालून त्यांनी सराईतपणे बोनेट उघडलं, खिशातून एक चपटी डबी काढली, बोटाने काहीतरी घेतलं आणि आत वाकले.

मी खाली गेलो. डबीत राळेचं मलम होतं. लूमचा पट्टा घसरायला लागला की त्याला हे चिकट मलम चोळतात, म्हणजे तो पुलीला धरून राहतो. ते मी लहानपणापासून पाहत आलो होतो. आई कारखान्यात सुताच्या कांड्या भरायला जायची तेव्हा तिच्या लुगड्यालाही त्याचा वास यायचा.

"चाचा, हे रोज लावता?"

"रोज," ते म्हणाले. "तेरा भाई बोला था. चाचा, सुबह घरवाले उठने से पहले पट्टे को मलम लगा दो, शोर करेगा तो बीवी बोलेगी गाड़ी बेच दो. दोन वर्षं झाली बेटा. गाड़ी खड़ी थी तब छोड़ा था, चलने लगी तो फिर शुरू किया. वो गया तो क्या, मैं थोड़ी बंद करूँगा?"

म्हणजे आवाज होता. आईचं खरं होतं, मलम लागायच्या आधीचा आवाज तिने कधीतरी ऐकला असणार. आणि आम्ही उठायच्या आत तो दाबून ठेवला जात होता, म्हणून धाकटीचंही खरं होतं. मला दोन्ही गोष्टींनी सारखंच वाईट वाटलं.

पण आता नवा पट्टा आणि हे मलम यांचं जमत नव्हतं. लूमचा चामड्याचा पट्टा ते पिऊन घेतो. गाडीच्या रबरी पट्ट्यावर त्याचा थर बसतो, आणि आमच्या गल्लीत तर हवेत सतत कापसाची रुई उडत असते. ती त्या थरात अडकते, दोन वर्षांत पुलीच्या खाचा भरत गेल्या होत्या, आणि नव्या पट्ट्याला सकाळी मलम लागलं की तो त्यांत घसरत होता. हे मी पुस्तकातलं आणि डोळ्यांसमोरचं जुळवून चाचांना सांगायचा प्रयत्न केला.

चाचा खो खो हसले. "मलम से पट्टा चीखता है? अरे मास्टर, ज़िंदगी लूम में गई मेरी. किताब में लिखा है क्या?"

"हो," मी म्हणालो.

"तो किताबवाले को बुला, मेरा लूम चला के दिखाए."

 तेवढ्यात धाकटी बाहेर आली. तिने सगळं ऐकलं असावं. ती चाचांसमोर उभी राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, "चाचा, त्यांनी माझ्यापासून लपवायला सांगितलं होतं. आता लपवायला कोण राहिलंय? नका लावू."

चाचांनी डबीचं झाकण लावलं. बोट शर्टाला पुसलं, मग पुन्हा एकदा पुसलं. "ठीक है बेटी," म्हणाले आणि घराकडे गेले. त्यानंतर ते आमच्या दारावरून जायचे, पण गाडीकडे बघायचे नाहीत.

आम्ही पुन्हा अंजूरफाट्याला गेलो. मेकॅनिकने सगळ्या पुल्या उतरवल्या, रॉकेलने आणि तारेच्या ब्रशने घासल्या. खाचांतून काळा, केसाळ मळ निघाला. आणखी एक नवा पट्टा बसवला. त्या संध्याकाळी आवाज नव्हता. दुसऱ्या सकाळीही नव्हता. तिसऱ्या सकाळीही नाही. धाकटीने आईला गाडीत बसवून स्टॅण्डपर्यंत फिरवून आणलं. आई सगळ्यांना सांगत सुटली.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी मीही बरोबर गेलो. सुपरवायझरने आधीच सांगून ठेवलं होतं की आज तो स्वतः गेटवर उभा राहून गाडी बघेल आणि मग पुढचं ठरवेल. अर्ध्या वाटेपर्यंत गाडी शांत होती. पुढे नेहमीची कोंडी. कंटेनर, रिक्षा, एकमेकांना चिकटलेले टेम्पो. ऊन वाढत गेलं, इंजिन तापत गेलं, गाडी थांबत थांबत सरकत होती. गोदामाच्या रांगेत शिरलो तेव्हा बोनेटखालून एक बारीक चिवचिव ऐकू आली. धाकटीने माझ्याकडे पाहिलं नाही. मीही पाहिलं नाही. रांग पुढे सरकली. चिवचिव लांबली. गेट तीन गाड्यांवर आलं तेव्हा तो जुनाच आवाज पूर्ण उघडला होता.

ती खाली उतरली, बोनेट उघडलं, आत बघत उभी राहिली. मी बाटलीतलं प्यायचं पाणी पट्ट्यावर ओतलं. आवाज थांबला नाही, वाढलाही नाही. मागचे हॉर्न वाजवत होते. गेटवर सुपरवायझर उभा होता, त्याने दोन्ही हात जोडल्यासारखे केले आणि पहारेकऱ्याला खूण केली. आमच्या मागची गाडी आमच्या बाजूने आत गेली.

नंतर कळलं की डायनॅमो ज्या ब्रॅकेटवर बसतो त्याचं भोक झिजून लांबट झालं आहे. गाडी तापली की डायनॅमो किंचित तिरका होतो. निदान त्या मेकॅनिकचं म्हणणं असं. दुसऱ्याचं म्हणणं वेगळं आहे. ब्रॅकेट बदललं, तरी आवाज पूर्ण गेला नाही. कधी येतो, कधी येत नाही. मी त्याचा माग काढणं सोडून दिलं आहे.

पूर्ण्याची फेरी गेली. मामा पुन्हा येऊन विक्रीचं बोलून गेले, गिऱ्हाईकही घेऊन आले. त्या माणसाने गाडी सुरू केली, आवाज ऐकला आणि भाव इतका पाडला की धाकटीने किल्ली त्याच्या हातातून काढून घेतली.

आता ती लूमच्या गल्ल्यांतून कापडाचे तागे रंगाईच्या कारखान्यात नेऊन टाकते. पहिली खेप चाचांनी त्यांच्या शेठला सांगून मिळवून दिली. ते स्वतः सांगायला आले नाहीत, शेठचा माणूस आला. काम रोजचं नाही. मंदी असली की लूम बंद, लूम बंद की गाडी बंद. आधीच्या फेरीसारखं महिन्याचं काही ठरलेलं नाही. पण त्या गल्ल्यांमध्ये लूमचा खडखडाट एवढा असतो की आमच्या पट्ट्याचा आवाज कुणालाच ऐकू येत नाही. सुटीच्या दिवशी मी तिच्याबरोबर जातो. तागे मोजायला मदत करतो, तेवढंच मला जमतं.

परवा आम्ही एका गल्लीच्या मधोमध होतो आणि वीज गेली. एकामागून एक सगळे कारखाने थांबले. गल्ली एकदम मोकळी, रिकामी झाली, आणि त्या शांततेत फक्त आमची गाडी किंचाळत होती. दारादारांतून कामगार बाहेर आले, घाम पुसत.

"भाभी, हमारा बंद हुआ, तुम्हारा चालू है!" कुणीतरी ओरडलं.

धाकटीने गाडी बंद केली नाही. "चालूच राहणार," ती म्हणाली, आणि गियर टाकला. गल्ली अरुंद होती, दोन्ही बाजूंना माणसं भिंतीला टेकून उभी होती. मी खिडकीतून हात बाहेर काढून त्यांना बाजूला व्हायला सांगत होतो. गल्लीच्या टोकाला चाचा कारखान्याच्या पायरीवर बसले होते. गाडी जवळ आली तसं त्यांनी डोकं एका बाजूला कलतं केलं आणि आवाज ऐकत राहिले, आम्ही वळेपर्यंत.