पहिल्या दिवशीची मतं

सायमन साळवे गेल्याची बातमी मला निखिलच्या मेसेजवरून कळली, आणि एवढ्या एका गोष्टीसाठीसुद्धा मी निखिलला माफ करणार नाही. सकाळची वेळ, मी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये चहा घेत होते. आमच्या खेळाच्या ग्रुपवर त्याने लिहिलं होतं, 'सॅड न्यूज, यार. आपले संस्थापक सायमन सर काल गेले. लेजंड होते.' त्याखाली जोडलेल्या हातांची रांग. ज्या ग्रुपमधून याच माणसाने सायमनला सहा वर्षांपूर्वी काढून टाकलं होतं, त्याच ग्रुपवर! मी फोन पालथा ठेवला... रडू नंतर आलं, आधी राग आला. अर्ध्या तासाने सायमनच्या बायकोचा, रूथचा, फोन आला तेव्हाही मी तिचं सांत्वन करण्याऐवजी म्हणाले, "त्या निखिलला कोणी सांगितलं?" पाच आठवडे झाले, तो राग उतरलेला नाही. हा लेख मी त्या रागातच लिहिते आहे, हे आधीच सांगून टाकते.

सायमन मूळचा नगरचा. केंद्र सरकारच्या एका कार्यालयात तो नकाशे काढायचा आणि त्याच मजल्यावर मी अनुवादक होते. दोघेही विशीत, दोघांनाही दिल्ली परकी. तेव्हा दर्यागंजच्या फुटपाथवर रविवारी जुन्या पुस्तकांचा बाजार भरायचा. तिथे त्याला एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मिळालं, एका खेळाच्या नियमांचं. टेबलाभोवती पाच-सहाजणांनी बसायचं, प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, कोणी योद्धा, कोणी चोर, कोणी वैद्य. एकजण सूत्रधार. तो गोष्ट पुढे नेतो, बाकीचे आपापलं पात्र काय करतं ते सांगतात, आणि जमलं की फसलं ते फासा ठरवतो. वीस बाजूंचा फासा मी आयुष्यात पहिल्यांदा सायमनच्या तळहातावर पाहिला. करोल बागेतल्या त्याच्या दोन खोल्यांच्या घरात दर रविवारी दुपारी आम्ही जमू लागलो. खाली गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान, तिथली ठोकाठोक दिवसभर चालायची, आणि वर सायमन हळू आवाजात सांगत असायचा, "पूल अर्धा तुटलाय. पलीकडे कोणीतरी कंदील हलवतंय. वसुधा, काय करणार?" चार भिंतींत बसून मी किती नद्या ओलांडल्या असतील त्याच्यामुळे! नकाशे अर्थातच त्याच्या हातचे. ऑफिसात खरी दिल्ली काढायचा, घरी आमची खोटी राज्यं, आणि दोन्हींत तीच बारीक, न थरथरणारी रेघ.

या खेळाची एक गंमत आहे. दर काही वर्षांनी नियमांची नवी आवृत्ती निघते, आणि जगभरचे खेळाडू तिला शिव्या घालतात. मग तिच्या पुढची आवृत्ती आली, की कालपर्यंतची वाईट आवृत्ती अचानक सोन्याची ठरते. आमच्याकडेही तेच झालं. पहिली नवी आवृत्ती आली ती मी मागवली होती, आणि सायमन माझ्याशी भांडला. "हे भंगार आहे. हा आपला खेळच नाही," म्हणाला आणि वर्षभर त्याने ते पुस्तक हातात धरलं नाही. मग एक दिवस कॅन्टीनमध्ये नाही, जिन्यात नाही, थेट माझ्या टेबलाशी येऊन, चारचौघांसमोर म्हणाला, "मी चुकलो. पुस्तक चांगलं आहे. मी ते न वाचताच बोललो होतो." मी हसले, तर तो गंभीरच. म्हणाला, "पहिल्या दिवशी माणूस पुस्तकाबद्दल बोलतच नसतो गं. आपले जुने रविवार कोणीतरी हिसकावून नेतंय असं त्याला वाटतं, आणि तो त्याबद्दल बोलत असतो."

निखिल आला तो बऱ्याच नंतर. आमच्याहून पंधरा वर्षांनी लहान, गुरुग्रामच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, दिल्लीतच वाढलेला मराठी मुलगा. सायमनने त्याला फासा कसा वाचायचा इथपासून शिकवलं. मग निखिलने त्याच्या सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये खास खेळासाठी लांबरुंद टेबल करून घेतलं, एसी होताच, आणि आमचा रविवार करोल बागेतून तिकडे गेला. सायमन खांद्यावर पुस्तकांची पिशवी घेऊन, मेट्रो बदलून, साठीला आलेला माणूस, एकही रविवार न चुकवता जायचा. आणि मग पुन्हा नवी आवृत्ती आली. यावेळी सायमनला ती पहिल्याच वाचनात आवडली, कारण ती सोपी होती. पहाडगंजच्या मराठी शाळेतल्या मुलांना तो शनिवारी हा खेळ शिकवायला लागला होता. घरी निम्मं हिंदी बोलणारी ती मुलं 'दिवटी', 'तटबंदी', 'भुयार' असले शब्द खेळता खेळता बोलू लागली होती. त्या मुलांसाठी त्याने नव्या नियमांचा सारांश मराठीत, एका पानात, सुबक अक्षरात उतरवला होता. त्याच्या झेरॉक्स काढून त्या रविवारी त्याने आमच्यापुढे ठेवल्या. "चार रविवार खेळून बघू. नाही आवडलं तर सोडून देऊ."

निखिलने तो कागद दोन बोटांनी उचलला. "ये क्या है, सर? बालवाडी? विचार करायचं कामच काढून टाकलंय यात." सायमन समजावू लागला. निखिलने हात वर करून त्याला थांबवलं. "नो ऑफेन्स, सर, पण टेबल माझं आहे. जुनीच आवृत्ती चालेल, आणि सूत्रधार मी होईन. चलो, हात वर करा." टेबलावरच्या बाकी दोघा खेळाडूंनी एकमेकांकडे पाहिलं आणि हात वर केले. सायमनने माझ्याकडे पाहिलं. त्याने फासे एकेक करून डबीत भरले, पुस्तकं पिशवीत ठेवली, आणि "अच्छा, खेळा तुम्ही," एवढंच म्हणून निघाला. दुसऱ्या दिवशी त्याने ग्रुपवर एक लांब मेसेज लिहिला, नव्या आवृत्तीबद्दल माणसं आधी अशी का चिडतात, आपणही कसे चिडलो होतो त्याबद्दल. त्यात एक वाकडा शब्द नव्हता. निखिलने खाली लिहिलं, 'लेक्चर नको,' आणि सायमनला ग्रुपमधून काढलं.

पुढे काय झालं ते आता निखिल वेगळंच सांगतो, पण मी ते त्याच टेबलाशी बसून पाहिलं आहे. तीन वर्षांत तो स्वतःच त्या 'बालवाडी'वर आला. एकदा तर पुढची आवृत्ती बाजारात आल्यावर म्हणाला, "आधीची बिल्कुल परफेक्ट होती, यांनी वाट लावली!" त्याच्या टेबलावर नवीन येणाऱ्यांना जो मराठी सारांश मिळायचा तो सायमनचाच, फक्त खालचं नाव झाकून झेरॉक्स काढलेला. मी हे सायमनला सांगितलं. तेव्हा तो निवृत्त झाला होता, आम्ही कॅनॉट प्लेसला कॉफी पीत होतो. तो एवढंच म्हणाला, "मत बदललं ना? झालं तर. मत बदलायला माणसाला तीन वर्षं लागतात, आणि ते येऊन सांगायला त्याहून जास्त. येईल." निखिलच्या फ्लॅटपासून सायमनचं घर मेट्रोने तासाभरावर. सहा वर्षांत तो एकदाही आला नाही... आणि मग छातीत कळ आली आणि सायमन गेला.

दफनविधीनंतर आठवड्याने रूथने मला एक आडवी, कापडी पुठ्ठ्याची वही दिली. अशी वही आहे याचा मला पत्ताच नव्हता. डाव्या पानावर प्रत्येक नव्या आवृत्तीबद्दल कोण पहिल्या दिवशी काय म्हणालं ते, जसंच्या तसं. उजव्या पानावर तोच माणूस पुढे काय म्हणाला ते. शेरा नाही, उद्गारचिन्ह नाही. पहिलं नाव स्वतःचं. डावीकडे : 'हे भंगार आहे.' उजवीकडे : 'मी चुकलो.' निखिलचंही पान होतं, 'बालवाडी'पासून 'बिल्कुल परफेक्ट'पर्यंत. दुसरं वाक्य मीच सायमनला सांगितलेलं.

निखिलने त्याच्या सोसायटीच्या हॉलमध्ये शोकसभा ठेवली. सायमनचा मोठा फोटो, खाली 'संस्थापक आणि मार्गदर्शक'. निखिल बोलायला उठला. "सरांनी नवी आवृत्ती आणली तेव्हा आम्ही सगळे त्यांच्यासोबत उभे राहिलो," असं म्हणाला. मला आठवण सांगायला बोलावलं, तेव्हा मी वही घेऊनच उठले. म्हटलं, आठवण माझी नाही, सायमनच्या अक्षरातली आहे. निखिलचं डावं पान वाचलं. 'टेबल माझं आहे.' 'लेक्चर नको.' सावकाश वाचलं, शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू जाईल असं. मग उजवं पान. हॉलमध्ये कोणीतरी खोकलं. निखिलचा चेहरा उतरला. तो पुटपुटला, "यार, वसुधाताई, इथे कशाला? तेव्हाची गोष्ट वेगळी होती." मी म्हटलं, "वेगळी नव्हती, निखिल. सायमन सहा वर्षं घरीच होता." आणि खाली बसले. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. त्या पाच आठवड्यांत तेवढ्या एका क्षणी बरं वाटलं.

परतताना कॅबमध्ये रूथ खिडकीबाहेर पाहत होती. मग म्हणाली, "तुझं पान नाही वाचलंस." तिने वही माझ्याआधी वाचली असणार हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. ते पान मी इथे वाचते. त्या रविवारच्या तारखेखाली, डावीकडे, सायमनने लिहिलं आहे : 'वसुधा : हात वर केला नाही. काही बोललीही नाही.' उजवं पान कोरं आहे. आम्ही त्यानंतर किती वेळा भेटलो, कॉफी प्यायलो, निखिलची उणीदुणी काढली. त्या दिवसाबद्दल मी त्याच्याशी कधीच बोलले नाही, आणि त्यानेही विचारलं नाही. निखिल निदान आपल्या तोंडाने बोलला होता. मी चहाच्या कपात बघत बसले होते.

परवा रविवारी करोल बागेला गेले होते. सायमनचं नकाशांचं उतरतं टेबल खिडकीशी तसंच आहे, आणि त्यावर एक अर्धा नकाशा, चार टाचण्यांनी ताणलेला. डोंगर शाईने पक्के झालेत. एक नदी डोंगरातून निघून कागदाच्या मध्यावर येते, तिथून पुढे फक्त पेन्सिल. पहाडगंजच्या मुलांसाठी होता, रूथ म्हणाली. मग सांगितलं की निखिलचा फोन आला होता. हा नकाशा त्याला फ्रेम करून त्याच्या खेळाच्या खोलीत लावायचाय, सरांची आठवण म्हणून. "काय सांगू त्याला?" तिने विचारलं. मी तिच्याच फोनवरून त्याला फोन लावला आणि नाही म्हणून सांगितलं. नकाशा शनिवारी शाळेत जाईल, नदी मुलं पुरी करतील, वाकडीतिकडी का होईना. निखिलला वाईट वाटलं असेल. वाटू दे.