जड बाजू वर थांबली

अंगात येणं, भानामती, करणी... असल्या गोष्टींना मी आयुष्यभर हसत आले. हायस्कुलात विज्ञान शिकवायचे, त्यामुळे जरा जास्तच. पण हे डोळ्यांदेखत घडलं, म्हणून लिहितेय.

७८-७९ च्या सुमाराची गोष्ट. बेळगावात खासबागेत माझ्या धाकट्या भावाचं, सुरेशचं, धार लावायचं वर्कशॉप होतं. छिन्न्या, रंध्याची पाती, लेथची टूल्स यायची. आधी फाउंड्रीत असताना लोखंडाचा कण उडून त्याचा डावा डोळा गेलेला. उरलेल्या एका डोळ्याची आम्हा सगळ्यांना धास्ती... त्यात त्याच्या बायकोला सातवा महिना लागलेला.

खंडेनवमीला आईनं ग्राइंडरची पूजा केली आणि नारळाचं पाणी सढळ हातानं चाकावरच ओतलं! ते चाक दगडासारखं सच्छिद्र, पाणी पितं. उभं राहिलं की पाणी खाली उतरून तेवढी बाजू जड होते, मग सुरू केल्यावर चाक थरथरतं. दसऱ्याला सकाळी सुरेश आईवर करवादला, पण मुहूर्त मोडायचा नव्हता. चाक चालवून ड्रेसरनं, म्हणजे चाक सारखं करायच्या दातेरी हत्यारानं, घासतो, म्हणाला. म्हणजे फिरत्या चाकाजवळ तोंड न्यायचं.

आधी वीज बंद ठेवून त्यानं ते हातानं फिरवलं. ओली, जड बाजू खाली येऊन थांबायला हवी. ती वर थांबली. परत फिरवलं — परत वर. मी फिरवलं, तरी तेच. शेवटी चाक किंचित मागं यायचं आणि ओला डाग बरोबर वर आणायचं.

सुरेशनं हात काढून घेतला. "आक्का, ह्ये काय बरं न्हाय. जड बाजू वर जाईल कशी?"

चाक उतरवून उन्हात चांगलं वाळवलं. मग छिन्नीच्या लाकडी मुठीनं हलकेच ठोकलं. धड चाक खणखणतं. हे भद्द वाजलं. मधल्या भोकापासून केसाएवढी चीर गेली होती. चालवलं असतं तर तुकडे सरळ त्याच्या तोंडावर आले असते.

बेअरिंग अडकत असेल, म्हणाल. मीही तेच म्हटलं. पण नवीन चाक बसवलं, तर ते मुकाट नियमानं वागलं.

पौषात सुरेशला मुलगी झाली. तो तिला खिडकीशी उजेडात घेऊन गेला आणि कितीतरी वेळ नुसता बघत राहिला. "नाक आपल्या आईचं हाय गं, आक्का," म्हणाला. मला रडू आवरेना.

चाकाचं कोडं मला आजही सुटलेलं नाही. नाही सुटलं तर नाही... त्याला तिचं नाक दिसलं.