रोजमेरीने टाळू भरताना

सौदी अरेबियातल्या यान्बूत केस गळण्याचा दोष पाण्याला देतात. समुद्राचे पाणी गोडे करून नळाला येते, आणि बिचारे उलट बोलू शकत नाही. माझे केस भारतातच गेले होते, तरी मीही पाण्यालाच नावे ठेवतो. चारचौघांत मिसळायचे तर एवढे करावे लागते.

माझी बायको इथल्या एका इस्पितळात नर्स आहे. ती पाण्याला दोष देत नाही, म्हणून बायकांत तिला फारशी मागणी नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मात्र सगळ्यांनाच बोलवावे लागते. त्या वर्षी ते आमच्या साहेबांकडे होते. साहेब म्हणजे माझी बढती ज्यांच्या सहीवर अडलेली असते ते गृहस्थ. आम्हा नवऱ्यांना स्वयंपाकघरात बसवले होते. दारातून दिवाणखाना दिसत होता.

वहिनींनी, म्हणजे साहेबांच्या पत्नीने, वाण म्हणून केसांना लावायच्या रोजमेरी तेलाच्या अर्काच्या बाटल्या आणल्या होत्या. बाटली करंगळीएवढी, तिची डबी सोनेरी, आणि तिच्यावरचे भाषण या दोन्हींपेक्षा मोठे. भाषण संपल्यावर त्यांनी एका मुलीला समोर पाटावर बसवले. तिचे बाळ चार महिन्यांचे. कंगव्यात केसांचा पुंजका यायचा, आणि आईला व्हिसा न मिळाल्याने बाळंतपण तिने एकटीनेच निभावले होते.

“हिची टाळू भरायला इथे कोण आहे?” वहिनी म्हणाल्या आणि त्यांचे डोळे खरेच भरून आले. हे मान्य केले पाहिजे.

बाळंतिणीची टाळू आपल्याकडे हात सैल सोडून भरतात. वहिनींनी त्याच सवयीने बाटलीचे टोपण काढून ती मुलीच्या डोक्यावर उपडी धरली. बायकोने त्यांचे मनगट धरले.

“वहिनी, हे नुसतं नका घालू. खाजवून हिची कातडी सोलवटलीय. आग होईल.”

“तेलाने कुणाचं डोकं भाजलंय का गं कधी, सिस्टर?”

‘सिस्टर’ अशा सुरात आले की माझी बढती मला दूर जाताना दिसली. मी दारातून बायकोला खाली बसायची खूण केली. तिने ती पाहिली आणि तोंड फिरवले.

“मग आधी माझ्या हातावर घाला. कोपराच्या आतल्या बाजूला.”

“तुझ्या कशाला? माझ्याच घालते,” म्हणून वहिनींनी सढळ हाताने ओतले.

तिळगूळ झाला, कॉफी झाली. रिकामे कप परत येईपर्यंत वहिनींचा पदर कोपर झाकून खाली आला होता. बायको त्यांना स्वयंपाकघरात घेऊन आली. तिने खोबरेलात बुडवलेल्या कापसाने तो लालभडक डाग पुसला, साबणाने हात धुऊन दिला, आणि सबंध वेळ त्यांच्या साडीच्या काठाबद्दल विचारत राहिली. ‘मी सांगितलं होतं ना,’ हे तिच्या तोंडून आले नाही. घरी ते मी रोज ऐकतो, त्यामुळे तिला किती जड गेले असेल याची मला कल्पना आहे.

मग वहिनींनी दिवाणखान्यात जाऊन जाहीर केले, की एक चमचा खोबरेलात दोनच थेंब घालायचे, आधी कोपरावर लावून एक दिवस थांबायचे, आणि डोक्याला जखम असेल तर ती बरी होईपर्यंत लावायचेच नाही. हे ज्ञान त्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या असावे असा एकंदर आविर्भाव होता. बायकोने मान डोलावली आणि त्या मुलीला त्वचेच्या डॉक्टरची वेळ घेऊन दिली.

उन्हाळ्यात ती मुलगी बाळाला घेऊन घरी आली. कपाळावर बारीक नवे केस उभे होते. जखम बरी झाल्यावर लावलेल्या तुमच्या रोजमेरीमुळे हे झाले, म्हणाली. बायकोच्या जागी मी असतो तर मान्य केले असते. बायकोने तिला खिडकीशी बसवून भांगाभांगातून डोके तपासले. बाळंतपणानंतर गळलेले केस बहुतेकींना आपोआप परत येतात, म्हणाली. त्यात तेलाचा वाटा किती, ते सांगता येणार नाही.

“कातडी मात्र छान भरलीय. बस, आता टाळू भरते.”

तिने चमच्यात खोबरेल घेतले आणि दोन थेंब मोजले. मुलीने डोळे मिटले. बाळ माझ्याकडे होते. त्याला मी हळूच सांगितले, की ती माझी बायको आहे.